कोकणात स्वतःची बोट: तरुण इंजिनीअरने सुरुवात कुठून करावी

इंजिनीअरिंग संपलं, पुण्यात नाहीतर नवी मुंबईत नोकरी लागली, पण डोळ्यांसमोर मात्र दाभोळच्या नाहीतर कर्लीच्या खाडीत नांगरलेली आपली बोट आहे. अशी मुलं-मुली भेटली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पैसे साठले की बोट घेता येईल? माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की वर्षातले किती दिवस तुम्ही पाण्यापाशी असणार आहात?

बोट चालती असली की टिकते. चार-पाच महिने तिच्याकडे कुणी फिरकलं नाही, तर बुडाला शेवाळ आणि कालवं धरतात, बॅटरी उतरते, टाकीतल्या इंधनात पाणी उतरतं, वायरींच्या टोकांना हिरवा गंज चढतो. पैसे असलेल्या माणसाची बोट जेटीवर कुजताना आणि साध्या पगारदाराची छोटी होडी पंधरा वर्षं ठणठणीत चालताना कोकणात सर्रास दिसते. फरक पडतो तो दिवसांमुळे. म्हणून बोटीची तयारी नोकरी निवडताना सुरू करायची.

पायरी १: नकाशा उघडा, आधी खाड्या बघा

नवशिक्या माणसाची बोट खाडीची असते. उघड्या पुळणीवर बोट ठेवायची म्हणजे दर खेपेला लाटांतून ढकलायची आणि परत ओढायची, त्याला सात-आठ माणसं लागतात. खाडीत वाऱ्याला आडोसा मिळतो, नांगराला चिखल मिळतो आणि बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत फिरता येतं.

आता त्याच नकाशावर कारखाने आणि बंदरं शोधा. रोह्याची एमआयडीसी कुंडलिकेवर आहे, ती नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते. नागोठणे आणि डोलवी अंबा नदीच्या, म्हणजे धरमतरच्या खाडीच्या बाजूला. महाड सावित्रीवर, तिचं मुख बाणकोटला. लोटे-परशुराममध्ये नोकरी असेल तर वाशिष्ठी आणि जगबुडी दोन्ही हाताशी. अंजनवेलचा वीज प्रकल्प तर वाशिष्ठीच्या मुखावरच उभा आहे. जयगडला बंदर आणि औष्णिक वीज केंद्र, बाजूला शास्त्री नदीची खाडी. रत्नागिरीच्या दक्षिणेला रनपार-गोळपच्या किनाऱ्यावर कारखाने आहेत. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन या शाखांची माणसं या सगळ्या ठिकाणी लागतात.

इथला पगार हिंजवडीपेक्षा कमी असेल, हे उघड आहे. पण घरभाडं कमी, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी अर्ध्या तासात जेटीवर पोहोचता येतं. पुण्यातून हर्णैला जायचं तर घाट उतरण्यात अर्धा शनिवार जातो आणि रविवारी जेवण झालं की परतीची घाई. त्यात एखादं उधाण, एखादं लग्न, कामावरचं एखादं सॉफ्टवेअर रिलीज आलं की महिन्याचा एकही दिवस उरत नाही.

शिफ्ट ड्यूटीला मुलं नाक मुरडतात. बोटीच्या बाजूने विचार केला तर शिफ्टसारखी सोय नाही. कोकणात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, आणि पाणी शांत असतं. अकरा-बारानंतर खारा वारा सुटतो, फेब्रुवारीनंतर तर दुपारी वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. दुसरी पाळी असेल तर पहाटे निघून दहापर्यंत परत येता येतं, आंघोळ-जेवण करून कामावर हजर. ऑफिसच्या दहा ते सहाच्या माणसाला ही सकाळ फक्त रविवारी मिळते.

पायरी २: जहाजावरची नोकरी, शिपयार्ड की लॅपटॉप?

"बोटीची आवड आहे ना, मग मर्चंट नेव्हीत जा," असा सल्ला हमखास मिळतो. वाट चांगली आहे, पण ती समजून घ्या. मेकॅनिकल पदवीधरांसाठी मरीन इंजिनीअरिंगचा पदव्युत्तर कोर्स असतो, त्याला जीएमई म्हणतात. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरचा छोटा कोर्स आहे. संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेलीच हवी. वयाची, नजरेची आणि रंग ओळखण्याची अट असते, तेव्हा फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा. खलाशी आणि अधिकारी भरती करणाऱ्या कंपनीकडे महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि नोकरीच्या बदल्यात उमेदवाराकडून पैसे घेण्याला मनाई आहे. कोकणातल्या कितीतरी घरांनी या फसवणुकीत दागिने मोडले आहेत.

जहाजावर पगार चांगला आणि सुट्टी सलग मिळते. पण करार चार महिन्यांपासून आठ-नऊ महिन्यांपर्यंतचा असतो, आणि सुट्टी नेमकी जून-जुलैत पडली तर बोट शाकारलेली आणि तुम्ही घरी बसलेले. ही वाट धरलीत तर तुमच्या गैरहजेरीत आठवड्याला एकदा बोट बघणारा, पाणी उपसणारा भरवशाचा माणूस गावात हवा. आणखी एक गोष्ट: दोनशे मीटरच्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये वर्षानुवर्षं काढली तरी सोळा फुटी होडी वाऱ्यात जेटीला कशी लावायची हे तिथे शिकायला मिळत नाही. ते वेगळंच शिकावं लागतं.

ज्यांना बोटी बांधण्यातच रस आहे त्यांनी शिपयार्डकडे बघावं. मुंबईत माझगाव डॉक आहे, वास्कोत गोवा शिपयार्ड आहे, पवईला जहाजांचं वर्गीकरण आणि तपासणी करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग आहे. पण छोट्या यार्डांना कमी लेखू नका. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावरच्या एका लहान यार्डात बांधलेली होती. लाकडी गाभा, वर फायबर, लांबी ५६ फूट. तरुण इंजिनीअरला मोठ्या यार्डात एका विभागाचं काम मिळतं. छोट्या यार्डात कणा घालण्यापासून पाण्यात उतरवण्यापर्यंत सगळं डोळ्यांखालून जातं. दोन-तीन वर्षं कमी पगारावर काढायची तयारी असेल तर यासारखं शिक्षण नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी घरून काम हा सरळ रस्ता आहे. फक्त गावातलं इंटरनेट आणि पावसाळ्यातली वीज यांची खात्री नोकरी सोडण्याआधी करा, आणि "घरून" म्हणजे खरोखर कुठूनही चालेल का हे कंपनीकडून लेखी घ्या.

पायरी ३: दोन हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर

ही पायरी कुणालाच नको असते आणि माझा सगळा भर हिच्यावरच आहे. बोट घेण्याआधी निदान दोन हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर पडेल ते काम करा. दाभोळ, साखरीनाटे, देवगड, मालवण, जिथे ओळख निघेल तिथे. पर्यटकांना फिरवणाऱ्या छोट्या बोटीपासून सुरुवात सोपी जाते. मासेमारीच्या बोटीवर जायचं असेल तर नाखव्याची, म्हणजे बोटीच्या मालकाची, परवानगी आणि खलाशाची कागदपत्रं लागतात. फोटो काढायला आलेला पाहुणा होऊन जाऊ नका. दोर गुंडाळा, पाणी उपसा, बर्फ उचला. तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, काका म्हणा, आणि तो बोलत नसेल तेव्हा त्याच्या हातांकडे बघा.

काय शिकायचं? सगळ्यात आधी पाणी. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा हिशेब घराघरात माहीत आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाचे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. बंदराप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही जवळ ठेवा, पण मनातल्या मनात करायला हा हिशेब उत्तम. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं. उधाणाला मुंबईकडे पाच मीटरपर्यंत पाणी चढतं-उतरतं, दक्षिणेकडे जाल तसा हा फरक कमी होतो.

भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. साधारण सहा तासांचे बारा भाग करा: पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. खाडीत ओढ सगळ्यात जास्त असते ती तेव्हा, आणि बोट रुतली तर ओहोटीचे हेच दोन तास महागात पडतात.

दुसरं शिकायचं ते खाडीचं मुख. जवळजवळ प्रत्येक खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. गेल्या वर्षीची वाट जीपीएसवर जपून ठेवली असली तरी या वर्षी तिच्यावर विसंबू नये. ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय आणि समोरून लाट येतेय, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात, दांड्यावर फुटतात. लहान बोटी उलटतात त्या बहुतेक अशाच ठिकाणी. चढत्या पाण्यावर जा, चढत्या पाण्यावर या. वेळ जुळत नसेल तर बाहेर थांबा.

तिसरं, जाळी. झेंडा लावलेला फ्लोट दिसला की त्याची जोडी कुठे आहे ते शोधा, दोघांच्या मधून बोट घालू नका. रायगडकडे डोल जाळ्यांचे, म्हणजे एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे, खुंट पाण्यात असतात. तुमच्या पंख्यात जाळं अडकलं तर तुमचा दिवस जातो, पण मच्छीमाराचा महिना जातो. किनाऱ्यावर तुमचं नाव चांगलं राहणार की नाही, ते बऱ्याच अंशी इथे ठरतं.

याच्या जोडीला रीतसर शिक्षणही घ्या. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे कोर्स होतात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. बोटीखाली उतरून अडकलेला दोर स्वतः कापता आला तर कितीतरी अडचणी वाचतात. पोहणं येत असलंच पाहिजे, आणि तरीही लाइफ जॅकेट अंगावर हवं.

पायरी ४: हात ग्रीसने माखू द्या

इथे तुमची डिग्री कामाला येते. गावातल्या बोट मेकॅनिककडे सुट्टीच्या दिवशी जाऊन बसा आणि त्याच्या हातात पाने-पक्कड देत राहा. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन चालू असताना त्याच्या मागून पाण्याची बारीक धार पडते. इंजिन थंड करणारं पाणी फिरतंय याची ती खूण. धार बारीक झाली, तुटक पडायला लागली किंवा हाताला कढत लागली, की आधी भोकात काडी घालून कचरा निघतो का बघायचं, मग पंपातलं रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, उघडायचं. त्याची एक पाकळी जरी वाकून कडक झाली असली तरी बदलायचं. हा भाग छोटा आणि स्वस्त आहे, पण त्याच्याकडे दुर्लक्ष केलं की आख्खं इंजिन जळतं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवायचं, अगदी दमून आलात तरी.

गंजाचा अभ्यास पुस्तकात झाला असेल, इथे तो रोज दिसतो. स्टेनलेस म्हणून ३०४ ग्रेडचे बोल्ट घेतलेत तर काही महिन्यांत तांबूस डाग दिसतात, म्हणून ३१६ मागा. पितळेचे स्क्रू पाण्याखाली वापरू नका, त्यातलं जस्त निघून जातं आणि ते ठिसूळ होतात. इंजिनाच्या पायाला बसवलेला अॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारा धातूचा तुकडा, निम्मा झिजला की बदला. खाडीत पाणी कधी खारं, कधी मचूळ, म्हणून तिथे जस्तापेक्षा अॅल्युमिनियमचा अॅनोड बरा. तांब्याची वायर कथील चढवलेली घ्या. प्लायवुड लागलं तर त्यावर आयएस ७१० हा सागरी प्लायवुडचा शिक्का बघून घ्या.

पायरी ५: पहिली बोट लहान आणि वापरलेली

चौदा ते अठरा फुटांची फायबरची बोट आणि दहा ते चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, खाडीसाठी एवढं पुष्कळ झालं. दोन माणसांना ढकलता येईल अशी असली तर आणखी चांगलं.

जुनी बोट बघायला जाल तेव्हा पाण्यातली बघू नका, वर काढायला लावा. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने बूड सगळीकडून ठोकत जा. आवाज खणखणीत येत असेल तर ठीक. एखाद्या जागी दबका, भद्द आवाज आला तर तिथे फायबरचे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय. मग मागच्या फळीकडे या, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. इंजिनाचा पाय धरून वर-खाली दाबा आणि फळीकडे नजर ठेवा. फळी वाकताना दिसली, कोपऱ्यात केसाएवढी चीर उघडताना दिसली, तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. शेवटी इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

दोघा-तिघांची भागीदारी चालते, मासेमारीच्या बोटींत तर वाट्याची पद्धत पिढ्यान्पिढ्यांची आहे. फक्त कुणाचा खर्च किती, बोट कुणाला कधी, आणि एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर हिशेब कसा, हे स्टॅम्प पेपरवर लिहा. मित्र असलात तर नक्कीच लिहा.

पायरी ६: कागद

मासेमारीची, प्रवासी आणि खासगी, या तिन्हींच्या वाटा वेगळ्या. मासेमारीच्या बोटीला नोंदणी आणि मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो, राज्याचा कायदा १९८१चा आहे. खासगी आणि प्रवासी बोटीसाठी १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जायचं. पैसे देण्याआधी तिथे जा, नंतर नको. बोटीचा आणि इंजिनाचा नंबर कागदांशी स्वतः ताडून बघा. पर्यटक बसवून चार पैसे काढू, असा बेत असेल तर सर्वेक्षण, प्रवासी क्षमता, विमा आणि प्रशिक्षित चालक हे सगळं लागतं. कागद नसलेल्या बोटीत एकही पाहुणा पैसे घेऊन बसवू नका.

पायरी ७: पैशाचा हिशेब

चाळीस हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात तासाला १५ लिटरच्या आसपास पितं. अर्ध्या जोरात ते बरंच कमी होतं. इंधन नेताना तीन भाग करा: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक राखीव. वर्षाच्या देखभालीला बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा धरावा, असा बोटवाल्यांचा ढोबळ अंदाज आहे. जुन्या बोटीला जास्त धरा. एवढी रक्कम वर्षभर दरमहा बाजूला टाकून बघा, बोट नसतानाच. जमलं तर घ्या, आणि कर्ज काढून घेऊ नका. बोटीतून हप्ता सुटेल हा हिशेब पावसाळ्यातच कोलमडतो.

पायरी ८: पहिलं वर्ष

हवामान खात्याचा किनारी इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या सागरी माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज, हे दोन्ही निघण्याआधी बघा. फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२०ला श्रीवर्धनजवळ धडकलं, तौक्ते मे २०२१मध्ये किनाऱ्याला घासून गेलं. म्हणजे हंगामाच्या दोन्ही टोकांना सावध राहायचं. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी सांगून जा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये आणि बोटीवर रंगवून, दोन्हीकडे ठेवा. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनल, कायम चालू.

यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तुमची बोट मासेमारीची नसली तरी मे महिन्यातच वर काढा, कारण शेवटच्या आठवड्यात ओढायला माणसं आणि जागा दोन्ही मिळत नाहीत. उधाणाची भरती जिथवर पोहोचते तिच्या बऱ्याच वर, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, किंचित उंच ठेवून बसवा, म्हणजे आत पडलेलं पाणी मागच्या भोकातून निघून जाईल. त्या भोकाचं बूच काढून घरी न्या आणि किल्लीला बांधून ठेवा. इंजिन उतरवून कोरड्या खोलीत उभं ठेवा, आडवं नको. गिअरचं तेल पावसाळ्याआधी बदला, नंतर नाही. जुनं तेल दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरतंय, आणि दुरुस्तीला दोन महिने हातात आहेत. ताडपत्री किंवा झापांनी शाकारताना दोन्ही टोकांना वारा खेळेल एवढी फट सोडा. नारळी पौर्णिमेच्या दोन आठवडे आधी बुडाचा रंग द्या, नवा अॅनोड बसवा, आणि पाण्यात उतरवल्यावर पहिला तास जेटीपासून हाकेच्या अंतरावरच फिरा.